स्मिथ अँड वेसनचं फॅक्टरी लेटर : व्याह्यांच्या घरातलं रिव्हॉल्वर खरंच सिव्हिल वॉरमधलं आहे का, याचा शोध

ज्यांच्या घरात जुनं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्वर आहे आणि ते नक्की कधीचं हे ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय, त्यांनी स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून फॅक्टरी लेटर, म्हणजे कारखान्याच्या जुन्या वह्यांतून त्या नंबराची नोंद काढून देणारं पत्र, जरूर मागवावं. माझ्याकडून पाचपैकी पाच. फक्त हे लेटर कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि कुठल्या प्रश्नाचं देत नाही, हे आधी डोक्यात स्पष्ट पाहिजे, नाहीतर पैसे भरून हिरमोड होतो. आम्ही सगळं करून बसलोय म्हणून सविस्तर लिहितोय, मोठं झालंय, पण ज्यांना गरज आहे ते वाचतील.

थोडी पार्श्वभूमी. मुलगा ओहायोत असतो, सून तिथलीच, आणि आमचे व्याही म्हणजे तिचे वडील, त्यांच्या घरी हे रिव्हॉल्वर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. छोटंसं, निकेल केलेलं, पाच गोळ्यांचं, मुठीवर काळं रबर. घरात सगळ्यांना तोंडपाठ असलेली गोष्ट अशी की व्याह्यांचे खापरपणजोबा सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धात, ओहायोच्या पायदळात होते आणि हे त्यांनी लढाईत जवळ बाळगलं होतं. आणि पुरावा काय, तर बॅरलवर (नळीवर) स्वच्छ ६५ कोरलेलं दिसतं, आणि युद्ध संपलं १८६५ मध्ये. शिवाय मध्यंतरी त्यांनी एका अँटिक दुकानात दाखवलं तर दुकानदाराने दोन मिनिटं हातात धरून "सिव्हिल वॉर, १८६५" असं एका कागदावर लिहून दिलं आणि वर तेवढ्यासाठी पैसेही घेतले. तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावलेला होता.

मी पुण्यात आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेला माणूस, त्यामुळे बंदुकीतलं फार कळत नसलं तरी जुनं मशीनिंग बघितलं की हात शिवशिवतात. व्याह्यांनी आधी उघडून रिकामं असल्याचं दाखवलं, मी पुन्हा स्वतः बघितलं (हे प्रत्येक वेळी करायचं, कोणीही काहीही सांगितलं तरी), आणि मग भिंग घेऊन बसलो.

पहिलीच गोष्ट खटकली ती बिजागरी. रिव्हॉल्वर वरून उघडतं, म्हणजे मागची खिट्टी उचलली की बॅरल खाली झुकते आणि मधला तारा वर येऊन पाचही रिकामी काडतुसं एकदम बाहेर टाकतो. आता स्मिथ अँड वेसनने सिव्हिल वॉरच्या काळात जी रिव्हॉल्वर्स बनवली ती दोन, १८५७ चं मॉडेल वन .२२ चं (हे गोळीचं माप) आणि १८६१ चं मॉडेल टू .३२ चं, आणि दोन्हींमध्ये बिजागरी वरच्या बाजूला, बॅरल आकाशाकडे उचलली जाते आणि सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं, अख्खा हातात काढून घ्यावा लागतो. बॅरल खाली झुकणारी पद्धत या कंपनीने आणली १८७० मध्ये, मॉडेल थ्री बरोबर. म्हणजे युद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर. एवढी एक गोष्ट माहीत असती तरी त्या दुकानदाराला दोन मिनिटंही लागली नसती.

दुसरी गोष्ट, ते डबल अ‍ॅक्शन आहे. म्हणजे चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन पडतो, अंगठ्याने चढवावा लागत नाही. स्मिथ अँड वेसनने डबल अ‍ॅक्शन पहिल्यांदा विकायला काढलं १८८० मध्ये. आणि तिसरी गोष्ट काडतूस, .३८ स्मिथ अँड वेसन, ते आलं १८७६ च्या सुमाराला, त्यांच्या छोट्या सिंगल अ‍ॅक्शन मॉडेलबरोबर, ज्याला कलेक्टर लोक बेबी रशियन म्हणतात. (इथे एक सूचना, हे काडतूस आणि आजचं .३८ स्पेशल ही वेगवेगळी आहेत, नावातला आकडा सारखा बघून कोणी प्रयोग करू नये, आणि इतक्या जुन्या, काळ्या दारूच्या जमान्यातल्या हत्याराने गोळी झाडायचीच नाही हे आम्ही घरात ठरवून टाकलं.)

मग ते ६५ काय? तर त्या पेटंटच्या तारखा आहेत, आणि मला वाटतं जुन्या हत्यारांच्या बाबतीत सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. बॅरलच्या वरच्या पट्टीवर बारीक अक्षरात एक ओळ असते, कंपनीचं नाव, स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स, आणि पुढे पेटंटच्या तारखांची माळ. त्यात १८६५ च्या तारखा आहेत, १८६९ ची आहे, आणि ओळीच्या शेवटाकडे १८८० च्या मे महिन्यातल्या आहेत. शंभर-सव्वाशे वर्षं पुसून पुसून मधली अक्षरं झिजली आणि ठळक राहिलं ते ६५. जानेवारी १८६५ ची पेटंट्स विल्यम डॉज या माणसाची, सगळी काडतुसं एकदम बाहेर काढण्याच्या कल्पनेबद्दल, ऑगस्ट १८६९ चं चार्ल्स किंगचं, तो कंपनीचाच माणूस, आणि त्याच्या यंत्रणेमुळे हे बॅरल झुकवून काडतुसं बाहेर टाकणं प्रत्यक्षात आलं. म्हणजे पेटंटची तारीख एवढंच सांगते की वस्तू त्या तारखेच्या आधीची नाही. नंतर किती वर्षांनी बनली याबद्दल ती काहीच बोलत नाही. ओळीतली सगळ्यात शेवटची तारीख शोधायची, पहिली नव्हे. तिरका उजेड टाकून मोबाइलने फोटो काढला आणि मोठा करून बघितला तर डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही वाचता येतात, आम्हाला १८८० तसंच सापडलं.

पेटंटचा विषय निघालाच आहे तर एक सांगायचा मोह आवरत नाही. ही कंपनी उभी राहिली तीच मुळात दुसऱ्याच्या पेटंटवर. रॉलिन व्हाइट नावाच्या माणसाने १८५५ मध्ये सिलिंडरला आरपार भोक पाडण्याचं पेटंट घेतलं, आज आपल्याला वाटेल यात काय विशेष, पण तोपर्यंत रिव्हॉल्वर पुढून दारू आणि गोळी ठासून भरायची. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी त्याच्याशी करार केला, प्रत्येक रिव्हॉल्वरमागे २५ सेंट, आणि करारात अशी अट की पेटंटवर कोणी अतिक्रमण केलं तर कोर्टात लढायचं ते व्हाइटने. १८६९ मध्ये पेटंट संपेपर्यंत अमेरिकेत दुसऱ्या कोणाला कायदेशीरपणे तसं रिव्हॉल्वर बनवता येईना आणि व्हाइट बिचारा खटल्यांमध्येच खर्ची पडला. सिव्हिल वॉरमध्ये कोल्ट या दुसऱ्या कंपनीची रिव्हॉल्वर्स अजून ठासणीची का होती, त्याचं एक मोठं कारण हेच.

असो. मॉडेल ठरवायला मला जास्त वेळ लागला. .३८ डबल अ‍ॅक्शनचे पाच प्रकार मानतात, १८८० पासून १९११ पर्यंत, मिळून साडेपाच लाखांच्या वर नग. पहिल्या चार हजारांत बाजूची झाकणपट्टी सरळ कापलेली, त्याने फ्रेम कमजोर व्हायची म्हणून लगेच वळणदार केली. पहिल्या दोन प्रकारांत सिलिंडरवर खाचांच्या दोन ओळी आणि मधून गोल फिरणारी चर असते, १८८४ पासूनच्या तिसऱ्या प्रकारात ती चर गेली आणि खाचांची एकच ओळ राहिली. व्याह्यांच्या रिव्हॉल्वरला एकच ओळ. सिरियल नंबरही तिसऱ्या प्रकारात बसतो, १,१९,००१ ते ३,२२,७०० मध्ये, म्हणजे १८८४ ते १८९५. इतपत माहिती फुकट मिळते, लायब्ररीत कलेक्टरांचे जाडजूड कॅटलॉग असतात त्यात सगळं आहे.

सिरियल नंबर कुठला, यातही गोंधळ होतो. या मॉडेलवर खरा नंबर मुठीच्या तळाला असतो, तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि बॅरलच्या खिट्टीवर. मुठीची रबरी पट्टी काढली तर आतल्या बाजूला उजव्या पट्टीवरही तोच नंबर टोकदार सुईने खरवडलेला सापडतो. सगळीकडे सारखा असेल तर सगळे भाग एकत्र कारखान्यातून निघालेले, आणि हे किमतीच्या दृष्टीनेही महत्त्वाचं. मुठीखाली फ्रेमवर आणखीही छोटे आकडे-अक्षरं असतात, ते कारखान्यात जुळणी करताना घातलेले, त्यांचा सिरियल नंबरशी संबंध नाही, आणि बरेच जण फॉर्ममध्ये तेच भरून पाठवतात. आमच्याकडे सगळे नंबर जुळले. पट्टी काढताना स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारं वापरायचं, ढिलं वापरलं तर खाच फाटते आणि ती कायमची दिसते, हे टूलरूमवाल्याचं कळकळीचं सांगणं आहे.

निकेलबद्दलही सांगतो कारण मला ही खूण फार आवडली. कारखान्यातून निकेल करून आलेल्या या रिव्हॉल्वरचा ट्रिगर गार्ड (चापाभोवतीची कडी) मात्र निळसर काळा असतो, आणि घोडा व चाप केस हार्डन केलेले, म्हणजे पाण्यावर तेल पसरावं तसे रंग. जर गार्डसकट सगळंच चकचकीत निकेल दिसलं तर नंतर कोणीतरी पुन्हा मुलामा दिलाय असं समजायचं. आणि मुठीच्या तळाला नंबराशेजारी छोटी चांदणी ठोकलेली असेल तर ते कधीतरी कारखान्यात परत गेलेलं आहे. व्याह्यांच्या रिव्हॉल्वरवर गार्ड काळाच, चांदणी नाही. निकेल काही ठिकाणी उडालंय आणि सूनबाई म्हणत होती पॉलिश करून आणू का, मी हात जोडले. जुन्या हत्याराला पॉलिश करणं म्हणजे त्याचं वय खरवडून फेकणं, पुसायचं तर मऊ कापड आणि थोडं मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, एवढंच.

आता सर्व्हिसबद्दल. फाउंडेशन ना-नफा तत्त्वावर चालतं, आणि कंपनीचे जुने रेकॉर्ड सांभाळणं, स्कॅन करणं हे त्यांचं काम. पूर्वी ही पत्रं रॉय जिंक्स यांच्या सहीने यायची, ते कित्येक दशकं कंपनीचे इतिहासकार, आणि स्मिथ अँड वेसन जमवणाऱ्या लोकांत त्यांचं नाव फार आदराने घेतात. फॉर्म साधा आहे, मॉडेल, सिरियल नंबर, कॅलिबर, बॅरलची लांबी, फिनिश, मुठीचा प्रकार, खुणा, आणि फोटो. बॅरलची लांबी तोंडापासून सिलिंडरच्या पुढच्या काठापर्यंत मोजायची, फ्रेमपर्यंत नाही. आमची सव्वातीन इंच. फी म्हणाल तर बऱ्यापैकी रेस्टॉरंटमध्ये दोघांचं जेवण होईल इतकी, ती बदलत असते म्हणून आकडा देत नाही. उत्तर यायला वेळ लागतो हे ते आधीच सांगतात, कारण माणूस बसून जुनी लेजर्स बघतो, बटण दाबलं की निघणारा प्रिंटआउट नाही हा. आम्हाला घाई नव्हतीच.

पत्र आलं. पहिल्या भागात त्या मॉडेलचा इतिहास, कधी सुरू झालं, कधी काय बदल झाले, किती बनले. हा भाग बहुतेक पत्रांत सारखाच असणार, पण नीट लिहिलेला आहे आणि मी जे भिंगातून बघून जुळवत होतो ते सगळं त्यात ओळीने होतं, समाधान वाटलं. मग मुख्य परिच्छेद. या नंबराचं रिव्हॉल्वर १८८८ मध्ये कारखान्यातून निघालं, महिना आणि तारखेसकट, सव्वातीन इंची बॅरल, निकेल फिनिश, काळ्या रबराची मूठ, आणि पाठवलं न्यू यॉर्कच्या एम. डब्ल्यू. रॉबिन्सन यांच्याकडे.

इथे बऱ्याच लोकांची निराशा होते म्हणून थांबून सांगतो. एम. डब्ल्यू. रॉबिन्सन हे गिऱ्हाइकाचं नाव नाही, ते कंपनीचे मोठे डिस्ट्रिब्युटर. त्या काळात कारखान्याचा प्रचंड माल त्यांच्याकडे जायचा आणि तिथून पुढे देशभरच्या हार्डवेअरच्या दुकानांत. काहींच्या पत्रात शिकागोचे हिबर्ड स्पेन्सर बार्टलेट किंवा सेंट लुइसचे सिमन्स हार्डवेअर असं येतं, ते जरा जास्त उपयोगाचं, कारण निदान माल कुठल्या भागात विकला गेला याचा अंदाज बांधता येतो. क्वचित एखाद्याच्या नशिबात थेट पोलिस खातं, एक्सप्रेस कंपनी किंवा माणसाचं नाव निघतं, आणि मग त्या वस्तूची किंमतच बदलते. पण कारखान्याच्या वहीत कारखान्याचं गिऱ्हाईक लिहिलेलं असतं, हार्डवेअरच्या दुकानात रोख पैसे देऊन कोण घेऊन गेलं ते तिथे असणार कसं? हे आधी समजून पैसे भरले की मन खट्टू होत नाही.

आणि दुसरं, पत्रात तारीख असते ती माल रवाना झाल्याची, बनवल्याची नाही. नंबर क्रमाने पडायचे पण माल क्रमाने जायचा नाही, एखादा नग गोदामात वर्षानुवर्षं पडून राहायचा. हे फक्त बारकावे म्हणून नाही, अमेरिकेच्या कायद्यात याला वजन आहे. तिथल्या १९६८ च्या कायद्याने १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार अँटिक धरतात, आणि तिथे बनल्याचं वर्ष मोजतात. उदाहरणार्थ .४४ डबल अ‍ॅक्शन १९१३ पर्यंत विकलं जात होतं पण त्याच्या सगळ्या फ्रेम १८९९ च्या आधीच बनून पडल्या होत्या. म्हणून १९०५ ची तारीख आली तर लगेच अँटिक नाही असं धरू नका, आणि राज्याचे कायदे वेगळे असतात तेही बघा. आमच्या बाबतीत १८८८ लाच माल निघालेला, त्यामुळे तो प्रश्नच उरला नाही.

हे पत्र म्हणजे तुमच्या हातातली वस्तू अस्सल असल्याचं सर्टिफिकेट नाही, हेही लक्षात ठेवावं. ते सांगतं की या नंबराच्या रिव्हॉल्वरची वहीत अशी नोंद आहे. वहीत निळं फिनिश लिहिलंय आणि तुमच्या हातात निकेल आहे, वहीत सहा इंची बॅरल आणि तुमची तीन इंची, तर मधे कोणीतरी काम केलंय. जुळवून बघायचं काम आपलं. म्हणून आधीचा अभ्यास महत्त्वाचा, नुसतं "जुनं रिव्हॉल्वर आहे, कधीचं ते सांगा" असं लिहून काही होत नाही.

आता खरी गोष्ट. व्याह्यांना पत्र दाखवायच्या आधी मला धाकधूक होती. सिव्हिल वॉर हा त्यांच्या घराण्याचा अभिमान, आणि १८८८ म्हणजे युद्धानंतर तेवीस वर्षं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, मग त्यांनी हे घेतलं कशाला? मला हा प्रश्न फार आवडला. कारण इथून शोध वस्तूचा न राहता माणसाचा झाला.

अमेरिकेत १८९० च्या जनगणनेचे कागद बहुतेक सगळे गेले, वॉशिंग्टनमध्ये १९२१ च्या जानेवारीत आग लागली त्यात काही जळाले, बाकीचे खराब झालेले पुढे नष्ट केले, आणि त्या दशकातला कुठलाही शोध तिथे अडतो. पण १८९० मध्येच युद्धातल्या माजी सैनिकांची एक वेगळी यादी केली होती, तिच्यातले राज्यांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने सुरुवातीचे कागद नाहीत, केंटकीच्या अर्ध्यापासून पुढचे मात्र आहेत, आणि ओहायो त्यात येतं. सूनबाईने बसून शोधलं आणि खापरपणजोबा सापडले, रेजिमेंट, कंपनी, भरती झाल्याच्या आणि फौजेतून सुटल्याच्या तारखा, सगळं. म्हणजे युद्धात होते ही गोष्ट शंभर टक्के खरी. मग लायब्ररीत त्या गावाच्या जुन्या सिटी डिरेक्टरी बघितल्या, त्यात प्रत्येक माणसाचं नाव, पत्ता आणि धंदा असतो, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या नावापुढे सुतार आणि शेवटाकडे नाइट वॉचमन. शेवटी नॅशनल आर्काइव्ह्जमधून पेन्शनची फाइल मागवली. या फाइली म्हणजे सोन्याची खाण आहेत, डॉक्टरांचे दाखले, शेजाऱ्यांच्या साक्षी, बायकोचा अर्ज. त्यात त्यांचंच निवेदन आहे की युद्धातल्या पायाच्या दुखण्यामुळे शिडीवर चढता येत नाही म्हणून सुतारकाम सोडून रात्रपाळीची राखण धरली.

रिव्हॉल्वरचा उल्लेख फाइलमध्ये कुठेही नाही, तो असेल अशी अपेक्षाही नव्हती. पण खिशात मावणारं, सव्वातीन इंची, झटकन चालणारं डबल अ‍ॅक्शन, १८८८ चं, आणि त्याच सुमाराला रात्री एकटा राखण करणारा लंगडा सैनिक. दोन्ही शेजारी ठेवली की बसतं. पुरावा म्हणून मी ते कुठे लिहिणार नाही, आणि व्याह्यांनीही नातवंडांसाठी जी टिपणवही केली त्यात "शक्यता" असंच लिहिलंय, खाली पत्राची आणि डिरेक्टरीच्या पानांची प्रत लावून. भिंतीवरचा तो दुकानदाराचा कागद त्यांनी स्वतःहून उतरवला आणि त्या फ्रेममध्ये पेन्शनच्या निवेदनाची प्रत घातली. मला विचाराल तर लढाईत खोटं खोटं मिरवलेल्या रिव्हॉल्वरपेक्षा पाय अधू झाल्यावर घर चालवायला रात्र रात्र जागणारा हा खापरपणजोबा कितीतरी मोठा.

हे लेटर सगळ्यांना लागू नाही हेही सांगायला हवं. अशीच दिसणारी, वरून उघडणारी छोटी रिव्हॉल्वर्स त्या काळात आयव्हर जॉन्सन, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, हॉपकिन्स अँड अ‍ॅलन अशा कितीतरी कंपन्यांनी ढिगाने काढली. आयव्हर जॉन्सनच्या मुठीवर घुबडाचं डोकं असतं, ती लगेच ओळखू येतात. शिवाय स्पेनमधल्या एइबार गावातून आणि बेल्जियममधून आलेल्या नकला, ज्यांच्या बॅरलवर "स्मिथ अँड वेसनच्या काडतुसांसाठी" अशा अर्थाचं लिहिलेलं असतं आणि त्यातलं फक्त कंपनीचं नाव डोळ्यात भरतं. पूर्ण ओळ वाचा. कोल्ट असेल तर त्यांच्या साइटवर नंबर टाकून वर्ष बघता येतं आणि त्यांच्या आर्काइव्हचंही लेटर मिळतं, तिथली फी मॉडेलप्रमाणे वेगळी. विंचेस्टर रायफल असेल तर वायोमिंगमधल्या कोडी गावचं फायरआर्म्स म्युझियम.

आपल्याकडे महाराष्ट्रात जुन्या वाड्यात, इनामदारांच्या किंवा फौजेतल्या घराण्यात रिव्हॉल्वर निघालं तर ते बहुधा बर्मिंगहॅमचं वेबली असतं. त्याचीही पद्धत हीच, खुणा वाचायच्या. नाव पी. वेबली अँड सन असेल तर १८९७ च्या आधीचं, त्या वर्षी कंपन्या एक होऊन वेबली अँड स्कॉट झालं. फौजेचं मार्क सिक्स, १९१५ पासूनचं, मोठं .४५५ चं, त्याच्या फ्रेमवर वर्षच ठोकलेलं असतं. नुसत्या राजमुकुटाच्या छोट्या खुणा म्हणजे प्रूफ हाउसच्या, बर्मिंगहॅमचं १८१३ मध्ये सुरू झालेलं, तिथे प्रत्येक बॅरल जास्त दारू भरून तपासायचे. पण कायदा अमेरिकेसारखा नाही हे कृपया ध्यानात घ्या. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे ती फक्त ते दुरुस्त करूनही चालवता येणार नसेल तर. चालू स्थितीतलं आजोबांचं वेबली कितीही जुनं असो, त्याला लायसन्स लागतं. वारसाने आलं असेल आणि कागद नसतील तर आधी वकिलाला विचारून पोलिसांकडे रीतसर जा, फोटो काढून ग्रुपवर टाकत बसू नका, आणि स्वतः हातात घेऊन गावभर फिरू नका.

शेवटचं एक, ज्यांच्या पत्रात काही वेगळं नाव निघेल त्यांच्यासाठी. फाउंडेशन जास्तीचे पैसे घेऊन पुढचा शोधही करून देतं, ऑर्डर, इन्व्हॉइस, पत्रव्यवहार असं काही शिल्लक आहे का ते बघतात. काही सापडेलच याची हमी नसते. नुसतं रॉबिन्सनचं नाव आलं असेल तर मी तो खर्च करणार नाही, त्याऐवजी ते पैसे पेन्शन फाइलवर घालवा, आमच्या हाताला तिथेच सगळ्यात जास्त लागलं.